पाक दारसोनोंचं इंग्गिह

पाक दारसोनो, म्हणजे आमचे दारसोनोकाका, तालुका कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की या माणसाच्या तोंडून आपण कधी 'नाही' ऐकलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येताना माझ्या लक्षात आलं, की यांच्या हातून एखादं काम तडीला गेलेलंही आपण कधी ऐकलेलं नाही.

आम्हा जावा बेटावरच्या सोलो गावच्या माणसांना नाही म्हणता येत नाही असं नाही. 'म्बोतेन' असा चांगला शब्द आहे. पण तो तोंडावर म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या हातातला चहाचा पेला काढून घेण्यासारखं वाटतं. म्हणून आम्ही 'इंग्गिह' म्हणतो. इंग्गिह म्हणजे होय. ऐकलं, बघू, नको, आणि आता माझा पिच्छा सोडा, या सगळ्यालाही तेच चालतं. कुठलं इंग्गिह कुठल्या जातीचं, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. बाकीचे लोक हा शब्द गरजेपुरता वापरतात. पाक दारसोनोंनी त्यात संसार थाटला आहे.

त्यांच्या घरासमोर माझं घर. मधली गल्ली इतकी अरुंद, की त्यांच्याकडे सोयाबीनचं टेंपे तळायला टाकलं की भूक मला लागते. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या ओट्यावर बसून पाहिलेलं आहे.

गावच्या रेडिओनं क्रोंचोंगची, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या गाण्यांची, स्पर्धा जाहीर केली. साठीच्या पुढच्या बायकांसाठी. गाणं घरी ध्वनिमुद्रित करून पाठवा, नाहीतर शेवटच्या शनिवारी स्टुडिओत येऊन गा. बू विनार्सिह, म्हणजे पाक दारसोनोंची बायको, लग्नाआधी लग्नघरांतून क्रोंचोंग गायच्या. लोक जेवण सोडून ऐकत. मग कचेरीतल्या माणसाशी लग्न झालं आणि गाणं स्वयंपाकघरात गेलं. जाहिरात ऐकल्यावर त्या ओट्यावर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी जाऊन गाऊ का तिथं?"

"इंग्गिह," पाक दारसोनो म्हणाले, पण भिंतीकडे बघून.

भिंतीकडे बघून म्हटलेलं इंग्गिह म्हणजे काय, ते कळायला पदवी लागत नाही. बू विनार्सिह आत गेल्या. मला इतका राग आला की मी माझ्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर खेकसलो. हे गृहस्थ लोक काय म्हणतील म्हणून घाबरतात, आणि लोक म्हणजे कोण, तर मी. मी तर काहीच म्हणणार नव्हतो.

जरा वेळानं त्यांच्याही मनाला लागलं असावं. त्यांनी जाहीर केलं, की गाणं आपण घरी, आपल्या कंप्युटरवर करू. साथीचा वाद्यवृंद एका बाजूला, हिचा आवाज दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकत्र. कंप्युटर त्यांनी कचेरीच्या मोडीतून आणलेला. दोन्ही आवाज एकत्र करायला घेतले की त्याला उचक्या लागायच्या. बू विनार्सिह उंच सूर लावायच्या आणि तो सूर यंत्रातून तुकडे तुकडे होऊन बाहेर यायचा. मी सुचवलं, अहो, फोनवर करा, सगळी दुनिया करते. ते इंग्गिह म्हणाले, आणि मी पुन्हा सुचवलं नाही.

त्यांचं निदान असं पडलं, की प्रोसेसर बदलायला हवा. आता प्रोसेसर जिथं बसतो तो बोर्ड जुना, त्यामुळे त्यावर बसणारे प्रोसेसरही जुनेच. शोधाशोध करून दोन उरले: दुसऱ्या पिढीचा आय-सेव्हन आणि तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह. इथून पुढं गल्लीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

मला जे समजलं ते असं. आय-सेव्हनमध्ये चार माणसं कामाला, पण प्रत्येक जण एका वेळी दोन कामं अंगावर घेणारा. वीज जास्त खातो, तापतो लवकर. आय-फाइव्हमध्येही माणसं चारच, एका वेळी एकच काम करणारी, पण अंगानं हलकी आणि जेवायला कमी. दोन आवाज एकत्र करायला दोघांपैकी कुठलाही पुरला असता. पण ही गोष्ट ज्याला घाई आहे त्याला सांगायची.

पाक दारसोनोंची अडचण तांत्रिक नव्हतीच, ती मानापानाची होती. सात आकड्यानं मोठा, पण पिढीनं आधीचा. म्हणजे तो वडीलधारा. पाच आकड्यानं लहान, पण पिढीनं नवा. वडीलधाऱ्याला डावलून धाकट्याला घरात आणायचं कसं? आणि म्हाताऱ्याकडून रात्रंदिवस मजुरी करून घ्यायची, हे तरी शोभतं का? हे ते गंभीरपणे विचारत होते. चौकातल्या चहाच्या गाड्यावर या प्रश्नाचा रोज कीस पडायचा. आल्याचा चहा पीत निम्मे लोक सातच्या बाजूनं बोलायचे, निम्मे पाचच्या. पाक दारसोनो दोन्ही बाजूंना इंग्गिह म्हणायचे, आणि दोन्ही बाजू आपण जिंकलो असं समजून घरी जायच्या. कुणीतरी खरेदीसाठी शुभवार काढून दिला. तो वार येऊन गेला, तेव्हा हे अजून विचारच करत होते.

शेवटच्या शनिवारच्या दोन दिवस आधी मीच त्यांना स्कूटरवर घातलं आणि क्लितिकनच्या जुन्या बाजारात नेलं. जुना प्रोसेसर त्यांनी नमुना म्हणून काढून, रुमालात गुंडाळून बरोबर घेतला होता. दुकान म्बाक एंदाहचं, म्हणजे एंदाहताईचं. बाई तिशीतली, तोंडानं तिखट, मूळची बाहेरगावची. इंग्गिहच्या जाती तिला ठाऊक नाहीत. तिच्या लेखी होय म्हणजे होय.

तिनं दोन्ही प्रोसेसर काचेवर ठेवले. आय-सेव्हन देऊ का, विचारलं. इंग्गिह. मग आय-फाइव्ह बांधू का? इंग्गिह. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. आमच्या मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. जो हाताला जवळ होता तो, म्हणजे आय-फाइव्ह, तिनं उचलला आणि म्हणाली, "पाक, नीट ऐका. हा तिसऱ्या पिढीचा. तुमचा बोर्ड जुना असेल तर तो याला ओळखणार नाही. आधी जुना प्रोसेसर लावून बोर्डाचं बायोस अपडेट करावं लागतं. केलंय ना?"

पाक दारसोनोंच्या चेहऱ्यावरून मला स्वच्छ कळलं की बायोस खातात की पितात, हे त्यांना माहीत नाही. पण एवढ्या लोकांपुढं त्या पोरीला नाही कसं म्हणायचं?

"इंग्गिह," ते म्हणाले.

"मग हा जुना मी घेऊन टाकते. तुम्हाला आता काय कामाचा?"

"इंग्गिह."

तिनं तो घेतला, आणि आम्ही पैसे देत होतो तेवढ्यात मागच्या माणसाला विकूनही टाकला. धंदा असा करावा.

घरी येऊन त्यांनी नवा प्रोसेसर बसवला, हात जोडले आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. नवा प्रोसेसर चालायला बोर्ड सुधारायला हवा, बोर्ड सुधारायला जुना प्रोसेसर हवा, आणि जुना कुणाच्या तरी घरी नांदायला गेलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात धावलो, तर म्बाक एंदाह मावसबहिणीच्या लग्नाला गेलेली, दुकानाला कुलूप. हात हलवत परत आलो.

शुक्रवारी संध्याकाळी पाक दारसोनो त्या काळ्या पडद्यासमोर बसले होते. मी दारात उभा होतो. मला त्यांची कीव येत होती आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. बू विनार्सिह फडक्याला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याजवळ जाऊन त्यांनी तोच प्रश्न, त्याच आवाजात विचारला.

"मी जाऊन गाऊ का तिथं?"

पाक दारसोनोंनी भिंतीकडे पाहिलं. "इंग्गिह," ते म्हणाले.

इंग्गिहची जात तीच होती. मी ओळखली, आणि एवढी वर्षं त्यांच्याबरोबर काढलेल्या बाईनंही ओळखली असणारच.

"बरं झालं," बू विनार्सिह म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात, आता काळजी नाही." आणि रोजचंच काम असल्यासारखी त्यांनी आपली जुनी हिरवी कबाया, कार्यात घालायचं झंपर, इस्त्रीला काढली. पाक दारसोनोंनी तोंड उघडलं, पण हो म्हणून झाल्यावर नाही कसं म्हणतात, ते त्यांना येत नव्हतं.

शनिवारी बू विनार्सिह स्टुडिओत गेल्या आणि सगळी गल्ली त्यांच्या ओट्यावर रेडिओभोवती जमली. बू विनार्सिहच्या आईनं शिकवलेलं गाणं होतं. पहिल्या दोन ओळी आवाज जरा कापत होता. मग तो सुटला आणि जिथं यंत्रात तुकडे पडायचे त्या उंच सुरावर जाऊन निवांत थांबला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही. पाक दारसोनो खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवरचा हात ताल धरत होता.

बक्षीस तिसरं मिळालं. त्या घरी आल्यावर चहा फिरला, आणि चहाच्या गाड्यावर रेडिओ ऐकलेले दोन्ही पक्ष, गाणं घरच्या कंप्युटरवरच झालं असं समजून, पाक दारसोनोंचं अभिनंदन करायला आले.

"आवाज काय स्वच्छ आला! आय-फाइव्हच घेतलात ना शेवटी?"

पाक दारसोनोंनी बायकोकडे पाहिलं. "म्बोतेन," ते म्हणाले.

दुसरा पक्ष पुढं सरसावला. "म्हणजे आय-सेव्हन. मी सांगतच होतो."

"म्बोतेन. कंप्युटर बंद आहे. ही स्वतः जाऊन गायली."

एका संध्याकाळी दोन वेळा नाही. त्यांच्या साहेबानं ऐकलं असतं तर भाषण मागं घेतलं असतं. बू विनार्सिह हातात चहाची किटली घेऊन उभ्याच राहिल्या. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "मग काल मला इंग्गिह म्हणालात, ते हो होतं की नाही?"

भिंत पाक दारसोनोंच्या पाठीमागं होती, तिकडे बघायची सोय नव्हती. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"इंग्गिह," ते म्हणाले.