शेवटच्या कडव्याची घाई

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या मार्केटात जुन्या रेकॉर्ड विकणारा तो म्हातारा मला एकदाच भेटला. नवऱ्याच्या बर्थडेसाठी मी एका ब्रिटिश बँडने गायलेलं जुनं ब्लूज गाणं मागितलं, तर त्याने रेकॉर्ड चक्क पाठीमागे लपवली. "आधी मूळ गाणं ऐक, लव्ह. मगच विकीन."

कडांना धरून त्याने एक खरखरती तबकडी लावली. एक माणूस, एक गिटार. शेवटचं कडवं आलं आणि गाणारा एकदम धावतच सुटला. "बघ, बघ!" म्हातारा टाळ्या पिटत ओरडला. "तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. जागा संपत आली म्हणून बिचारा पळाला!"

मग त्याने त्याच गाण्याची पाच कव्हर, म्हणजे नंतर इतरांनी गायलेली रूपं, लावली. प्रत्येकजण नेमका तिथेच पळत होता! आम्ही दोघं त्या कडव्याची वाट बघायचो आणि ते आलं की किंचाळायचो.

"आता हवी तेवढी जागा आहे," तो हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत म्हणाला, "पण सावकाश गायची कुणाची हिंमत नाही."

संध्याकाळी डाळीला फोडणी देताना मी तेच गुणगुणत होते. शेवटचं कडवं मुद्दाम सावकाश म्हटलं. गाणं तिथेच आडवं झालं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला मीही पळाले.