बाद झालेला पट्टा

स्लिंग घेताना मी दुकानदाराचं डोकं खाते. स्लिंग म्हणजे शिवून गोल केलेला पट्टा; खडकाला वेढा घालून त्यावर आपला जीव टांगायचा. पातळ, हलके पट्टेही मिळतात, पण मला रुंद नायलॉनचाच लागतो, आणि त्याचे टाके मी बोटांनी चाचपून बघते. वापरताना धारेवर घासू देत नाही, उन्हात पडू देत नाही. रंग उडाला, कापड कडक झालं की पट्टा बाद. बाद पट्टा कापूनच टाकायचा, म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही. एवढं सगळं मला कळतं.

तरी एक लाल पट्टा मी कापला नाही. राळेगावकडे शेती करणाऱ्या मोठ्या भावाला नेऊन दिला, गाडीवर कापसाचं गाठोडं आवळायला. हत्ती तोलेल, अशी फुशारकीही मारली. बाद झालाय हे सांगितलं नाही. टाकाऊ वस्तू भेट म्हणून देताना माणसाचं तोंड उघडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात चढाईला सातपुड्यात निघाले होते, वाटेत त्याच्या शेतात थांबले. तो विहिरीत होता, गाळात रुतलेली मोटर काढायला उतरलेला. वर त्याचा सालदार गडी दोर धरून उभा. दोर जाड, कडुनिंबाला वेढलेला. पण दोर आणि भाऊ यांच्यामध्ये फक्त माझा पट्टा, वर्षभर ऊन खाऊन गुलाबी पडलेला. मांड्यांखाली घालून तो झोक्यात बसावं तसा बसला होता. खाली गुडघाभर पाणी आणि काळा खडक.

ओढा म्हणावं तर ओढतानाच हिसका बसायचा. पिशवीतला दोर झाडाला बांधला, त्याच्या टोकाला नवा पट्टा आणि चढाईची कडी अडकवून खाली सोडला.

“दादा, हा काखेतून घाल आधी.”

“कायले? हा मजबूत हाये न. तूच त देल्ला.”

“घाल म्हनते न.”

“काम करू दे, बाई.”

तो पान्हा घेऊन पुन्हा पाइपाकडे वळला. पट्टा करकरला.

“तो बाद झाला होता, दादा. बाद झाला म्हनूनच तुले देल्ला.”

पान्ह्याचा आवाज थांबला. त्यानं वर पाहिलं नाही. नवा पट्टा काखेतून घेतला, कडी लावली आणि सालदाराला म्हणाला, “ओढ.” एका दोराला सालदार, दुसऱ्याला मी.

वर येऊन तो पाणी प्यायला. मला माफी मागायची होती, पण तोंडातून मोटरीचीच चौकशी बाहेर पडली. मग म्हणाले, “नवा ठेव तुह्याजवळ. मी त्याच्यावरच चढते.”

त्यानं दोन्ही पट्टे काठावर ठेवले. गोठ्यातून जुना दोर आणला, स्वतःच कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि पुन्हा विहिरीत उतरला.