वापीहून कोण वाचतंय?

गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या ढाब्यावर आम्ही बसची वाट बघत उभे होतो, बाबा आणि मी. अहमदाबादहून पुण्याला जाणारी खासगी बस तिथे चहाला थांबते. बाबांनी ढाबेवाल्याला सांगून ठेवलं होतं, एक मुलगी चढवायची आहे. समोर ट्रकांची रांग, डिझेलचा वास, आणि माझ्या हातात नाचणीची भाकरी. आईने ती आमच्याच आंदोलनाच्या उरलेल्या पत्रकात गुंडाळली होती. कागद चांगला जाड आहे, म्हणाली. पाणी, रस्ता आणि रेशनवर मी लिहिलेल्या त्या आवेशपूर्ण पत्रकाचं एवढंच कौतुक घरात झालं. बस आली तेव्हा बाबा म्हणाले, "तिकडे मोठ्यानं बोल. पण लांबण लावू नको." मी बसले आणि बस सुटली. हात करायचासुद्धा राहिला.

आज पुण्यात माझं पोट लांबण लावण्यावरच चालतं. मी ब्लॉग लिहिते. केसांचं तेल, पाण्याचं फिल्टर, आरोग्य विमा, जे येईल ते. आमच्या केतकी मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, "वाचक पाहुणा नाहीये जया, तो दारात उभा आहे आणि त्याच्या पायात चपला आहेत." त्याला आत कसं घ्यायचं, बसवायचं कसं, उठू कसं द्यायचं नाही, हे मी शिकले. पहिल्या ओळीत प्रश्न टाकायचा. परिच्छेद आखूड ठेवायचे. आणि वाचकाला जे हवंय ते हातचं राखून अगदी शेवटी द्यायचं, म्हणजे तो शेवटपर्यंत येतो.

मी पत्रकं लिहून शिकलेली मुलगी. पत्रकात मागणी सगळ्यात वर असते, ठळक. मसोलीतल्या झेरॉक्सवाल्याकडे उभं राहून आम्ही गठ्ठे काढायचो आणि डहाणू स्टेशनबाहेर वाटायचो. माणूस हातात घेतो, चार पावलं चालतो आणि टाकतो. त्या चार पावलांत जे वाचून होईल तेवढंच आपलं. पुण्यात कळलं की टाकलेला कागद आता मोजता येतो. कोणी पान उघडलं, किती वेळ थांबलं, कुठपर्यंत खाली गेलं, कुठल्या गावाहून आलं, सगळं पडद्यावर दिसतं. मला याचं वेडच लागलं. माणूस नेमका कोणत्या ओळीला सोडून जातो, हे कळणं ही काय साधी गोष्ट आहे?

म्हणून मी स्वतःचा ब्लॉग काढला, तुमच्यासाठी. नरपडच्या चिकूवाड्यांत राबणाऱ्यांसाठी, उंबरगावच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांसाठी, डहाणूच्या बोटींवर गेलेल्यांसाठी आणि पाड्यावर राहिलेल्यांसाठी. आपल्या गवताच्या माळाची बातमी तोपर्यंत पंचायतीतल्या एका ओळखीच्याकडून मला कळली होती. तो माळ ट्रक उभे करायला द्यायचा, असा ठराव ग्रामसभेपुढे यायचा होता. दिवाळीनंतर पाड्यातली प्रत्येक बाई ज्या माळावर गवत कापते, भारे बांधते आणि त्यावर घर चालवते, तो माळ. नोटीस कुठे लावली, तर पंचायतीच्या फळ्यावर. आणि फळा कुठे, तर कुलुपाच्या आत. याला नोटीस म्हणायचं असेल तर मी कपाटात उभी राहून घोषणा देते, तेही आंदोलनच धरा. आणि सभेला माणसं आली नाहीत की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. चार जणांत ठराव उरकतो आणि मग आपण वर्षानुवर्षं निवेदनं घेऊन साहेबांच्या दारात बसतो.

मी लिहायला लागले. मॅडमनी शिकवलेलं सगळं त्यात ओतलं. माळावर पूर्वी कोण गवत कापायचं, भारे कुठे जायचे, पहिला ट्रक कोणी आणून उभा केला. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक प्रश्न लटकत ठेवला. आणि सभेचा वार, वेळ, जागा सगळ्यात शेवटी टाकली. एवढी महत्त्वाची गोष्ट, तिच्यापर्यंत माणूस ओढत नेलाच पाहिजे ना.

मग आकडे बघत बसले. नरपड, डहाणू, उंबरगाव, सगळीकडून थोडे थोडे वाचक. येतात, भराभर खाली जातात, निघतात. त्यात एक वाचक विचित्र. गाव दाखवायचं वापी, गुजरातमधलं. हा माणूस पाऊण-पाऊण तास थांबायचा. पाऊण तास! आमच्या विम्याच्या ब्लॉगवर कोणी दोन मिनिटं थांबलं तर मॅडम पेढे आणतील. पण तो कधीच निम्म्याच्या खाली जात नव्हता. दुसऱ्या दिवशी परत यायचा, परत वरून सुरुवात, परत निम्म्यावर मुक्काम.

वापीत माझं कोण आहे? मला पहिला संशय आला तो ट्रकवाल्यांच्या माणसाचा. शब्द न् शब्द तपासतोय, कुठेतरी पकडायला बघतोय. पण मग पुढचा अर्धा भाग का नाही तपासत? ट्रकचा उल्लेख तर तिथेच होता. कोणी म्हातारा असेल, अक्षर अक्षर लावून वाचणारा? कोणी मोबाइल उघडा टाकून झोपणारा? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तो बॉट असेल." बॉट म्हणजे माणूस नसलेला वाचक. मला ते काही पटलं नाही. यंत्र कशाला निम्म्यावर थांबेल? थांबायला आवड लागते.

मी लेखाच्या शेवटी ओळ टाकली, वापीहून वाचणाऱ्यांनी कृपया ओळख द्यावी. उत्तर नाही. अर्थात. शेवटपर्यंत तो यायचाच नाही. मग तीच ओळ उचलून मथळ्याखाली, सगळ्यात वर ठेवली, आणि दुपारी माझा फोन वाजला. वहिनी. माझ्या भावाची बायको, पाड्यावरच असते.

"जया, वापीला कोण हाय गं आपलं?"

"तेच मी विचारतेय. का?"

"इथं भांडण लागलंय. धर्माकाका बोलतात त्यांचा साडू. तुझी आई बोलते तो तर कधीच मेला."

मागून पाड्यातल्या धर्माकाकांचा आवाज आला, "मेला नाय, सेलवासला गेला."

"वहिनी, तू आत्ता कुठे उभी आहेस?"

"ताडाखाली. रेंज इथंच येते ना. गुजरातची येते, ती पण उपकार केल्यासारखी."

मी खुर्चीत मागे टेकले. वापी म्हणजे माझी वहिनी होती. आपल्या पाड्यावर फोनला गुजरातचा टॉवर लागतो, सीमेपलीकडून स्वागताचा मेसेज येतो, हे मी लहानपणापासून बघत आले आणि पुण्यात विसरले.

"तू एकटीच वाचतेस?"

"एकटी कशाला? मी वाचते, सगळे ऐकतात. भारे टाकून बसतात."

"मग पुढे का नाही वाचत? निम्म्यावरच सोडता रोज."

"आता काय सांगू. तू लिवलंस ना, माळावर पयलं गवत कोण कापायचं? तिथंच अडकतो. काका बोलतात त्यांचा आजा. तुझी आई काकांना बोलते, तुमच्याकडं तवा विळा पण नव्हता. मग संध्याकाळ होते. दुसऱ्या दिवशी कोणतरी नवीन येतं, त्याच्यासाठी परत पयल्यापासून."

"वहिनी, सभा गुरुवारी आहे."

"कुठली सभा?"

तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझे सगळे धडे माझ्यासमोर आडवे पडले. मी वाचकाला धरून ठेवायला प्रश्न टाकला होता. पुण्यातला वाचक प्रश्न वाचून उत्तर शोधत खाली जातो. आमचे लोक प्रश्न वाचतात आणि उत्तर देतात. एकमेकांना, तोंडावर, आजा-पणज्याची साक्ष काढून. आपल्याकडे लिहिलेलं एकट्याने वाचायची रीतच नाही. पत्रक आलं तरी एक वाचतो, दहा ऐकतात, आणि ऐकणारे गप्प बसतील तर शपथ. माझ्या पडद्यावर तो सगळा जमाव एक वाचक म्हणून दिसत होता.

त्याच दुपारी मी तो लेख मोडला. गुरुवार, सकाळी अकरा, पंचायतीचं पटांगण, हे सगळ्यात वर, पत्रकासारखं. खाली माळाचा एकच मुद्दा आणि मग सरळ लिहिलं: इथे वाचणं थांबवा आणि ठरवा, नरपडला कोण निरोप देणार, उंबरगावला कोण. पुढच्या तुकड्याखाली: इथे थांबा, सभेत आधी कोण उठणार ते ठरवा. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "तू वाचकाला स्वतःहून बाहेर काढतेयस." मी म्हटलं हो, त्याला बाहेरच जायचंय.

बुधवारी मी त्याच खासगी बसने उलटी निघाले. गुरुवारी पटांगणात उभी होते आणि माणसं येत होती. चिकूवाडीतून सुट्टी टाकून आलेली, रात्रपाळी करून न झोपता आलेली, विळे कमरेला तसेच ठेवून माळावरून थेट आलेल्या बाया. ठराव वाचणाऱ्या पंचायतीच्या बाबूंनी एकदा कागदाकडे बघितलं आणि एकदा गर्दीकडे.

मी भाषण लिहून आणलं होतं. उठले, माळाचा इतिहास सुरू केला. दुसऱ्या वाक्यालाच धर्माकाका म्हणाले, "जया, ते झालंय आमचं भांडून. पुढचं बोल."

पुढचं माझ्याकडे काही नव्हतं. वहिनी उठली, एकच वाक्य बोलली, माळ देणार नाही, आणि हात वर झाले. ठरावाच्या बाजूने कोण, असं बाबूंनी विचारलं तेव्हा पटांगणात कोंबडी चालल्याचा आवाज ऐकू येत होता. ठराव पडला. ट्रकवाले पुन्हा येतील, मला भ्रम नाही.

पुण्यातली माझी खोली चांगली आहे. खिडकीतून उजेड येतो, शेजारी दार वाजवल्याशिवाय येत नाहीत, आणि मी काहीही लिहिलं तरी लोक ते शांतपणे, मनात, एकेकटे वाचतात. मला कोणी मध्येच तोडत नाही. कधी कधी वाक्य पुरं होतं आणि ते ऐकून कोणीच काही बोलत नाही, तेव्हा मला कळतं मी घरापासून किती लांब आले आहे. तुम्ही जिथे असाल तिथे, उंबरगावात की सुरतेत की आणखी कुठे, हे मोठ्याने वाचा. आणि माझं काही चुकत असेल तर इथेच थांबवा.