थोरलीला न दिलेली चावी

थोरलीनं फडकं पिळून फरशीवर टाकलं आणि तेवढ्यात दार आपोआप उघडलं. सकाळपासून हे असंच चाललं होतं. बेल नाही, दार वाजवणं नाही. कुलपात चावी फिरायची आणि कुणी अनोळखी माणूस स्वतःच्याच घरात शिरावं तसा आत यायचा, चपला नेमक्या कोपऱ्यात काढायचा आणि थोरलीला बघून ओशाळायचा. या खेपेला एक ड्रायव्हर होता. त्यानं चावी टेबलावर ठेवली, खिडकीशी जरा उभा राहिला, "येतो" म्हणाला आणि ओल्या फरशीवर पावलं उमटवून गेला. ती पावलं पुसायला थोरली पुन्हा खाली बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण त्यांचं ऐकतो कोण.

खोली तिच्या धाकट्या बहिणीची. धाकटी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होती आणि अख्ख्या स्थानकाची मावशी होती. हे नाव तिला मिळालं थोरलीच्या मुलीमुळे. मुलगी लहान असताना शाळा सुटली की थेट स्थानकावर जायची आणि खिडकीच्या जाळीला नाक लावून "मावशी, मावशी" असा घोशा लावायची. बघता बघता हमाल, कंडक्टर, रांगेतले प्रवासी, तिच्या बापाच्या वयाचे ड्रायव्हर, सगळेच तिला मावशी म्हणायला लागले. तिलाही ते मानवलं. लग्नाच्या भानगडीत न पडता एवढा गोतावळा पदरात पडला, आणखी काय पाहिजे, असं ती हसत म्हणायची.

खिडकीत बसून ती गाड्यांची माहिती द्यायची हे खरं, पण देण्यापेक्षा घ्यायचीच जास्त. कुठे निघालात, कशासाठी, घरी कोण आजारी, मुलीचं कुठे जमलं का. रांगेत मागे उभा असलेला चडफडायचा, आणि स्वतःची पाळी आली की तोच जाळीला टेकून बोलत राहायचा. थोरली तिला म्हणायची, अगं, तोंडाला जरा कुलूप लाव. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, की कुलूप लावणं हे काम आपल्याला कधी जमलंच नाही.

ते मात्र अक्षरशः खरं होतं. खोली स्थानकापासून हाकेच्या अंतरावर. कुणाची गाडी चुकली, कुणाला दोन फेऱ्यांच्या मधे पाठ टेकायची आहे, आणि तो माणूस बाकड्यावर मुटकुळं करून पडलाय, हे तिला बघवायचं नाही. स्थानकाच्या फाटकाशी चावीवाल्याची टपरी होती. त्याच्याकडून ती खोलीच्या चाव्या करून घ्यायची आणि वाटत सुटायची. कंडक्टरला एक, रात्रपाळीच्या नर्सला एक, परीक्षेला आलेल्या मुलींना एक. चावी घेणाऱ्याला दोन गोष्टी बजावल्या जायच्या: आपला कप आपण विसळायचा, आणि बेल वाजवायची नाही. बेल परक्यांनी वाजवायची. एक दिवस सगळं धुऊन नेतील, असं थोरली कानीकपाळी ओरडायची. गेली ती एक छत्री, आणि तीही मोडकी काडी दुरुस्त होऊन परत आली.

मावशी गेली तेव्हा तिला शेवटचं बघायला स्थानक लोटलं. त्या गर्दीत जो तो थोरलीचा हात धरून आपलं दुःख सांगत होता. ती ऐकून घेत होती. हॉस्पिटलमध्ये बहिणीच्या उशाशी बसून तिची झोप कधीच उडाली होती, आणि आता रडायला लागेल तेवढं त्राणही उरलं नव्हतं. तिचा जन्मच कामात गेला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, घरी आधी सासूचं अंथरूण, मग नवऱ्याचं. आता खोली रिकामी करून द्यायची, हेही तिच्याच अंगावर पडलं. घरमालकाला महिनाअखेर खोली हवी होती, तीही सगळ्या चाव्यांसकट.

पण चाव्या होत्या कुणाकुणाकडे, ते एक मावशीला ठाऊक. थोरलीनं चौकशीच्या खिडकीतल्या नव्या माणसाला विचारलं, तर त्या भल्या गृहस्थानं लाउडस्पीकरवरूनच पुकारा केला, की मावशींच्या खोलीची चावी ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती परत करावी. खिडकीत आणून द्यावी, एवढं सांगायचं तो विसरला. मग काय, मावशीच्या तालमीतली माणसं ती. चावी परत करायची म्हणजे खोलीवर जायचं, बेल न वाजवता दार उघडायचं आणि ती टेबलावर ठेवायची, असंच प्रत्येकाला वाटलं. एका कंडक्टरला तर जुडग्यातली ही चावी कुठली आणि आपल्या घरची कुठली तेच कळेना. शेवटी घरचीच ठेवून गेला, आणि घरी कुलपाशी झटापट करून घामाघूम होऊन परत आला. थोरलीला हसू आलं. लगेच रागही आला.

राग जुना होता. टेबलावर चाव्यांचा ढीग वाढत होता आणि त्यात तिची चावी नव्हती. तिच्याकडे होती ती मावशीची स्वतःची, हॉस्पिटलनं कपड्यांबरोबर पिशवीत घालून दिलेली. तिला अशी कधी मिळालीच नाही. दर गुरुवारी, धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी, ती यायची आणि परक्यासारखी बेल वाजवायची. मागितली असती तर दिली असती, पण सख्ख्या बहिणीनं मागायची का? ती वर्षानुवर्षं हे गिळत आली होती. आज माणसागणिक दार उघडत होतं आणि तिला वाटत होतं, आपण हिच्या कोण होतो? या सगळ्यांच्या शेवटी कुठेतरी आपला नंबर.

दुपारी चावीवाला आला. सगळ्या चाव्या परत येतील याचा भरवसा नव्हता, म्हणून घरमालकानं त्याला जुनं कुलूप काढून नवं बसवायला पाठवलं होतं. त्यानं आधी खिशातून आपल्याकडची चावी काढून ढिगावर ठेवली, मग दाराशी मांडी घालून स्क्रू सैल करायला लागला. थोरली ओटा घासत होती. मग तिला राहवलं नाही.

"या सगळ्या तुम्हीच केल्यात ना?"

"हो ताई."

"माझी करायला कधी सांगितलं नाही तिनं?"

चावीवाल्याचा हात थांबला. "मीच विचारलं होतं एकदा. म्हटलं, मावशी, सगळ्यांच्या झाल्या, ताईंची राहिली. तर नको म्हणाल्या."

थोरलीनं मान खाली घातली. हेच ऐकायचं होतं तर विचारलं कशाला, असं तिला झालं.

"म्हणाल्या, तिला चावी दिली तर मी नसताना येईल, भांडी घासेल, कपडे धुऊन वाळत घालेल आणि तशीच निघून जाईल. घरी तेच, कामावर तेच. निदान इथं तरी तिला बसू दे. दार मी उघडीन, चहा मी करीन."

एवढं सांगून तो पुन्हा स्क्रूकडे वळला. थोरली घासणी हातात धरून तशीच उभी राहिली.

गुरुवार तिला आठवले. बेलवरचं बोट काढायच्या आत दार उघडायचं. धाकटी हातातली पिशवी हिसकावून घ्यायची आणि तिला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत ढकलायची. उठलीस तर बघ, असा दम भरायची. थोरलीनं कपाला हात लावला तर हातावर चापट बसायची. थोरलीला वाटायचं, ही आपल्याला पाहुण्यासारखं वागवते. मग धाकटीची बडबड सुरू व्हायची, कुठल्या ड्रायव्हरनं काय घोळ घातला, कुठली नर्स कुणाच्या प्रेमात पडली, आणि ते ऐकता ऐकता कितीदा तरी थोरलीचा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा चहावर बशी झाकलेली असायची, आणि समोर धाकटी चक्क गप्प बसलेली. साऱ्या जगात ती गप्प बसलेली फक्त थोरलीनंच पाहिली होती.

आता मात्र तिला रडू आलं. पुसायला हात मोकळे नव्हते, दोन्ही साबणानं भरलेले. चावीवाल्यानं तिच्याकडे पाठ करून काम चालू ठेवलं.

कुलूप निघालं, दाराला भोक पडलं आणि तेवढ्यात ती रात्रपाळीची नर्स आली. हातात चावी, पण ती घालायची कुठे? क्षणभर थबकून तिनं दार ढकललं. थोरलीचे डोळे, बादली, अर्धवट पुसलेली फरशी, सगळं एका नजरेत बघून तिनं चावी ढिगावर ठेवली आणि बाह्या वर सारल्या. "द्या ताई, मी पुसते."

एरवी थोरलीनं फडकं सोडलं नसतं. आज तिनं हात धुतले आणि जाऊन वेताच्या खुर्चीत बसली.

"राहू दे ती फरशी," ती म्हणाली. "मला जरा चहा करून देशील?"

उभ्या आयुष्यात तिनं हे कुणाकडे मागितलं नव्हतं. या खोलीत मागावंच लागायचं नाही. नर्सनं शेगडी पेटवली. साखरेचा डबा कुठे आहे ते सांगायला थोरली उठणार होती, पण नर्सला ते ठाऊक होतं.