तंबूतला आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. भुताच्या तंबूवरची माझी कादंबरी तुम्ही वाचली असेल, तर तुम्हाला ते प्रकरण आठवेल — भूत एका बाईला सांगतं, तुझा नवरा लढाईत मेला, आणि ते खरं निघतं. लोक तेच प्रकरण वाखाणतात. मी मान डोलावतो. दुसरं काय करणार?

तंबू खरा होता. लढाईच्या दिवसांत माझा मेहुणा तो जत्रांतून लावायचा. भर दुपारीही आत मिट्ट काळोख, समोर पेंढा भरलेली हडळ, आणि पडद्यामागं पत्र्याचं नळकांडं तोंडाला लावून मी. लोक काहीबाही विचारत, हडळ उत्तर देई. लोक टरकले की मला भारी मजा वाटायची — खोटं कशाला बोलू?

रहिमतपूरच्या जत्रेत एक बाई आली. "आमचं धनी कवा येत्याल?" एवढंच म्हणाली. नवरा पलटणीत गेलेला असणार, हे आमच्या मुलखात कुणाला कळत नाही? मला चेष्टा सुचली. नाव घे, म्हणालो. बाकीच्या बायका खिदळल्या. चारचौघांत नवऱ्याचं नाव — तिनं पदर तोंडावर ओढला. मग हळूच म्हणाली, "गणपतराव." आणि मी — का, ते अजून कळलेलं नाही — म्हणालो, "त्यो आता माझ्यापाशीच हाय."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, झकास जमलं!

मागाहून कळलं, नवरा ब्रह्मदेशात दोन वर्षं बेपत्ता होता. पाट लावून नवा संसार मांड, म्हणून तिचा बाप जतहून खेपा घालत होता. ती ऐकत नव्हती. वाट बघत होती. त्या दिवशी तिनं तंबूबाहेरच्या दगडावर बांगड्या फोडल्या. मी तंबूची कनात सारून पाहत होतो. बाई, ही थट्टा होती — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण म्हणालो नाही. महिन्याभरात बापानं तिचा पाट लावला.

लढाई संपली आणि गणपत जपान्यांच्या कैदेतून जिवंत परतला.

पुढच्या जत्रेत तो तंबूत शिरला. नाव सांगितलं, तशी माझी पाचावर धारण बसली. आता हा तंबू पेटवणार. पण त्यानं पायताण काढलं, पेंढ्याच्या हडळीपुढं हात जोडले. "माजं काय चुकलं, त्येवढं सांग," म्हणाला.

बराच वेळ उभा होता. मी हाताच्या अंतरावर होतो. तोंड उघडलं नाही.