कार्डबाईंची सुटलेली तीन मुलं

माझ्या नणंदेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बालकेंद्रात ती एकतीस वर्षं कार्डबाई आहे. डॉक्टर तेच म्हणतात, बाळं घेऊन येणाऱ्या आयाही तेच. एकदा तर पोस्टमनने तिचंच पाकीट तिच्यासमोर धरून "या कोण हो?" असं विचारलं होतं. घरात मी तिला वन्सं म्हणते आणि माझी मुलगी आत्या.

केंद्रात वजनकाट्याच्या मागे तिची खोली. भिंतीला लागून चौदा लांबट लाकडी पेट्या. प्रत्येक मुलाचा कार्डांचा एक गठ्ठा, त्याला रबरबँड. गठ्ठे मुलांच्या नंबराप्रमाणे लावलेले, आणि गठ्ठ्यातली कार्डं तारखेप्रमाणे. महिनाअखेरीला ती त्या महिन्यात आलेल्या प्रत्येक मुलाचा गठ्ठा काढायची, डाव्या हाताचं बोट मागच्या कार्डावर ठेवायची आणि पुढच्या कार्डावरचं वजन बघायची. कमी भरलं की लाल पेन्सिलीने नाव कागदावर. त्या यादीवरून नर्सबाई घरोघर फोन करायच्या. या कामात तिने कधी घाई केली नाही. लग्नाच्या जेवणाला उशीर झाला तरी चालेल, पण पेटी अर्धवट टाकून ती उठायची नाही. एका लग्नात तर आम्ही सगळे हात धुऊन बसलो तेव्हा ही आली.

गेल्या महिन्याच्या अखेरीस ती निवृत्त होणार होती. तिच्या कागदाच्या जागी संगणकातून यादी काढायचं काम आलं ते माझ्याच मुलीकडे. शहरातल्या बावीस बालकेंद्रांच्या सगळ्या जुन्या नोंदी संगणकात भरून झाल्या होत्या, सत्तर लाखांच्या वर. मुलगी तिथे सहा महिन्यांच्या करारावर लागलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कार्डबाईंची यादी आणि संगणकाची यादी शेजारी ठेवू. एक जरी नाव सुटलं, तरी पेट्या राहतील आणि तो प्रोग्राम जाईल."

"आणि मीही राहीन," वन्सं म्हणाल्या. "एक पोर सुटलं तरी मी खुर्चीवरून उठायची नाही."

आता एकीची नोकरी आणि दुसरीची निवृत्ती. मी कुणाच्या बाजूने काळजी करायची? दोघींच्या बाजूने केली.

त्या रविवारी मुलीने आमच्या जेवणाच्या टेबलावर आत्याला समजावलं.

"हे बघ आत्या, याला विंडो फंक्शन म्हणतात."

"खिडकी? कशाला हवी? माझ्या खोलीला एक आहे, तीही उघडत नाही."

"अगं, ऐक तरी. एरवी संगणकाला बेरीज विचारली की तो मुलाच्या सगळ्या नोंदी ठेचून एकच ओळ देतो. इथे ओळी जशाच्या तशा राहतात. फक्त प्रत्येक ओळीला शेजारच्या ओळीकडे बघायची परवानगी मिळते. आधी तो मुलांप्रमाणे गठ्ठे पाडतो, मग गठ्ठ्यात तारखा लावतो, मग वरून खाली येताना प्रत्येक ओळीला विचारतो, तुझ्या आधीचं वजन किती? गठ्ठा संपला की पाटी कोरी. पुढच्या मुलाला आधीच्या मुलाचं वजन चिकटत नाही."

वन्संनी डावं बोट हवेत धरलं. "म्हणजे हे."

"हो, ते बोट."

"एकतीस वर्षं मी खिडकी होते म्हणायची," वन्संनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस ना वहिनी?"

निवृत्तीच्या चार दिवस आधी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वन्संच्या कागदावर एक्केचाळीस नावं. मुलीच्या कागदावर अडतीस.

मुलगी घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच मी समजले. मागोमाग वन्सं आल्या, हातात तीन गठ्ठे. मला वाटलं, आता जिंकल्याचा आव आणतील. पण त्यांनी चपला काढता काढताच विचारलं, "माझी ही तीन मुलं कुठे गेली?"

"गेली नाहीत गं. नोंदी आहेत. तिघांच्याही, या महिन्याच्या." मुलगी लॅपटॉप उघडून बसली. "पण मागच्या वजनाच्या जागी रिकामं येतंय. आणि रिकाम्याशी तुलना केली तर कमी की जास्त याला उत्तरच नाही. उत्तर नाही म्हणून यादीत नाही."

"मागचं वजन रिकामं कसं? हे काय, इथे लिहिलंय की. सात किलो शंभर." वन्संनी पहिल्या गठ्ठ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं. मग दुसऱ्यातलं, मग तिसऱ्यातलं. तिन्ही मागच्या तारखांवर बोट फिरवत त्या हळू म्हणाल्या, "ही तिन्ही पोरं मधे बरेच दिवस आलीच नव्हती. दोन महिन्यांच्या वर."

मुलीने कपाळावर हात मारला.

तिने काय केलं होतं ते आम्हाला नंतर नीट कळलं. सत्तर लाख नोंदी कशाला चाळायच्या, मुलं तर दरमहा येतात, म्हणून तिने सुरुवातीलाच अट घातली होती की गेल्या साठ दिवसांच्याच नोंदी घे. आणि संगणक अशी अट सगळ्यात आधी पाळतो. आधी चाळणी, मग गठ्ठे, मग तारखा, आणि मागे बघणं सगळ्यात शेवटी. तोवर बघायचं ते कार्ड चाळणीतून केव्हाच खाली गेलेलं. जी मुलं वेळेवर येत होती ती बरोबर सापडली. जी बरेच दिवस फिरकली नव्हती, म्हणजे ज्यांची सगळ्यात जास्त काळजी करायची, नेमकी तीच गळली.

"आधी मागे बघायचं, मग निवडायचं," वन्सं म्हणाल्या. "मी कधी जुनी कार्डं फेकून मग पेटी उघडली का?"

"नाही आत्या."

"मुलाच्या नंबरावर चाळलंस तर?"

मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली. "तर चालेल. मग गठ्ठाच्या गठ्ठा जातो, अर्धा नाही जात. तारखेवर चाळलं की गठ्ठ्याच्या पोटातून कार्डं जातात." मग हसून मला म्हणाली, "आई, हिला आमच्याकडे घ्या कुणीतरी."

तिने साठ दिवसांची अट काढली. सगळ्या नोंदींवर आधी मागचं वजन काढायचं, आणि त्याभोवती बाहेरून या महिन्याची निवड. नावं एक्केचाळीस झाली, पण यादी यायला साडेअकरा मिनिटं लागू लागली. सत्तर लाख ओळी नंबर आणि तारखेने लावायच्या, त्या मेमरीत मावेनात, मग थोड्या थोड्या डिस्कवर उतरवून पुन्हा जुळवायच्या. तोवर नवी वजनं नोंदवणं अडकायचं आणि बावीस केंद्रांतले वजनकाटे खोळंबून राहायचे. माझा जीव पुन्हा टांगणीला.

"माझी यादी दुपारच्या चहाआधी व्हायची," वन्संनी चिमटा काढला.

"कारण तुझ्या पेट्या आधीच लावलेल्या असतात!" मुलगी म्हणाली आणि लॅपटॉपकडे वळली. मग तिने मुलाचा नंबर, तारीख आणि वजन अशी, पेट्यांसारखी आधीच क्रमाने लावलेली एक सूची संगणकात कायमची करून ठेवली. नवी नोंद आली की ती आपोआप आपल्या जागी बसते. आता यादीच्या वेळी लावालावी करायची गरजच नाही, नुसतं बोट फिरवत जायचं. यादी एका मिनिटाच्या आत येऊ लागली.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही कागद स्वतः ताडून पाहिले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. वन्संनी तरीही चष्मा लावून पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग खुर्चीवरून उठल्या. भाषण करायला सांगितलं तर म्हणाल्या, "त्या तिघांना फोन केला का?"

केला होता. सात किलो शंभरवालं बाळ त्या महिन्यात सहा किलो आठशे भरलं होतं. तीन आठवडे मी त्या न पाहिलेल्या बाळाचा विचार करत होते, कुणाला सांगितलं नाही. काल दुपारी मुलीचा ऑफिसातून फोन आला.

"आई, सात किलो तीनशे."

"आत्याला सांगितलंस?"

"तिनेच मला सांगितलं. सकाळपासून वजनकाट्याजवळ बसून आहे. डॉक्टर विचारतात, कार्डबाई, तुम्ही निवृत्त झालात ना? तर म्हणते, हो, म्हणून तर आज बाकावर बसलेय."