समोरच्या भिंतीवरचं वानर

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकेल, कारण चौथीत शाळा सुटली. पण हे माझ्यापुरतंच लिहिते आहे.

तेलगावात पेन्सिलीने जंगली जनावरं हुबेहूब काढायला शिकवणारे एक सर आहेत. कानावर पेन्सिल असते आणि दर वाक्यामागे "समजलं का, ताई?" असतं. अंडी विकून मी त्यांची फी भरली. सर काचेखाली बल्ब लावतात, काचेवर वाघाचा फोटो, फोटोवर कागद ठेवून रेघा गिरवतात आणि खाली लफ्फेदार सही ठोकतात. वर सांगतात, "नजर पाहिजे, नजर."

एकदा चिंचेवरून उतरून एक वानर समोरच्या भिंतीवर बसलं. मी हळूच म्हटलं, "सर, ह्याला काढून दावा की."

सरांनी वानराकडे पाठ करून स्वतःसकट त्याचा फोटो घेतला. "लई हालतंय. काचेवर घेऊ, ताई."

वानर शेंग सोलत निवांत बसलं होतं.

मी फी परत मागितली. "फी परत मिळत न्हाई," सर म्हणाले. मला भांडता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याच पायरीवर बसून, रोज भिंतीवर येणारं ते वानर काढू लागले. लाजेने मान खाली असायची, वानराकडे बघण्यापुरती वर करायची. चित्र बोक्यासारखं व्हायचं. तरी जाणारी-येणारी थांबत, भिंतीकडे बघत, माझ्या कागदाकडे बघत, मग उघड्या दारातून सरांच्या बल्बकडे.

आठवडाभरात सर बाहेर आले. "घरी बसून काढा की, ताई," म्हणत त्यांनी सगळी फी माझ्या हातावर ठेवली. रुपयाही कमी नव्हता.